बागेतल्या चंदनावर करवत येते ती कुठून?

पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक छोटी बातमी वर्षानुवर्षं येत राहिली आहे. अमुक बंगल्याच्या, संस्थेच्या किंवा उद्यानाच्या आवारातून रात्री चंदनाचं झाड कापून नेलं, अज्ञात चोरट्यांविरुद्ध गुन्हा दाखल. बंगळुरूमध्ये कब्बन पार्क आणि लालबागेबद्दल अशाच बातम्या येतात. बातमी चार ओळींची असते, म्हणून ती किरकोळ चोरी वाटते. पण भरवस्तीत, रखवालदार असलेल्या बागेत रात्री करवत चालवावी असं चोराला का वाटतं, याचं उत्तर त्या बागेत सापडत नाही. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी झाडाविषयी. चंदन दिसायला अगदी साधं असतं. मध्यम उंची, समोरासमोर येणारी लहान पानं, आधी फिकट आणि मग तांबूस-जांभळी होणारी बारीक फुलं आणि पिकल्यावर काळी पडणारी वाटाण्याएवढी फळं. पानाला वास नाही, फुलाला वास नाही, सालीलाही नाही. शेजारून रोज जाणाऱ्या माणसाला हे चंदन आहे हे कळतही नाही. बुलबुल, कोकीळ ही फळं खातात आणि कुंपणावर, दुसऱ्या झाडाखाली बी टाकतात. चंदनाला नेमकी अशीच जागा लागते, कारण ते अर्धपरोपजीवी आहे. पानं हिरवी असल्याने अन्न स्वतः तयार करतं, पण पाणी आणि क्षारांसाठी त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात. शेतकरी चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात ती याचसाठी. जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी, संस्थांच्या आवारात, बागांच्या कडेला करंज किंवा कडुनिंबाच्या सोबतीने उगवलेली कित्येक चंदनं कुणी लावलेली नाहीत. ती पाखरांनी आणून टाकली आहेत.

सुगंध असतो तो खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत. बाहेरचं लाकूड पांढरट आणि बिनवासाचं. आतला पिवळसर-तपकिरी गाभा धरायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तो खऱ्या अर्थाने भरायला तीस किंवा त्याहून जास्त. कोरड्या, खडकाळ जमिनीत झाड हळू वाढतं आणि गाभा चांगला धरतो, असं जाणकार सांगतात. पुण्याच्या टेकड्या, मराठवाडा, खानदेश, विदर्भातल्या हलक्या जमिनी या अर्थाने चंदनाच्याच.

गाभा भरलाय की नाही हे बाहेरून दिसत नसल्यामुळे चोर आधी पाहणी करतात. खोडाला गिरमिटाने भोक पाडायचं आणि बाहेर येणाऱ्या भुश्शाचा रंग-वास पाहायचा. पांढरा आला तर झाड सोडून द्यायचं. मात्र भोक तसंच राहतं, त्यातून बुरशी आणि कीड आत शिरते. रंगीत आला तर काही दिवसांनी रात्री यायचं. चार-पाच माणसं, हातकरवत किंवा बॅटरीवर चालणारी करवत, बुंध्याशी एक काप, फांद्या फुटतात तिथे दुसरा, आणि मधला तीन-चार फुटांचा ओंडका खांद्यावर टाकून पसार. सकाळी माळ्याला दिसतो तो बाजूला पडलेला हिरवागार शेंडा आणि जमिनीलगतचा बुंधा, पांढऱ्या कड्याच्या आत तपकिरी वर्तुळ असलेला. रखवालदाराला शस्त्राचा धाक दाखवून झाड नेल्याचे प्रकारही झाले आहेत. एका माणसाच्या तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत जेवढा काळ जातो, तेवढ्यात भरलेला गाभा अर्ध्या तासात जातो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की अंदाज चुकला आणि गाभा कोवळा निघाला तरी झाड गेलेलंच असतं.

आता मागे जाऊ. दक्षिणेतलं चंदन शतकानुशतकं परदेशी जात होतं. त्याचं मोल ओळखून टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं. झाड कुणाच्याही जमिनीत असो, मालकी राज्याची. १७९९ मध्ये टिपू गेला, म्हैसूरचं जुनं राजघराणं वोडेयार परत आलं, इंग्रज आले, पण हा नियम कुणी सोडला नाही, कारण त्यातून खजिन्यात पैसा पडत होता. स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. म्हैसूर मुलखातल्या शेतकऱ्याच्या बांधावर चंदन उगवलं तर ते सरकारचं, तोडायचं सरकारने, विकायचं सरकारने. ते चोरीला गेलं तर मात्र चौकशीचा ससेमिरा शेतकऱ्यामागे.

या नियमाचा परिणाम काय होणार होता? रोप दिसलं की शेतकरी ते उपटून टाकू लागला. मोठं होऊ दिलं तर जबाबदारी आपली, फायदा दुसऱ्याचा. झाडाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमानेच झाडाला शेतातून हद्दपार केलं. आजच्या बागेतल्या चोरीची मुळं कुठे आहेत, असं मला विचारलं तर मी याच गोष्टीकडे बोट दाखवेन. चंदन खाजगी जमिनीवर मुबलक वाढलं असतं तर बाजाराची भूक तिथून भागली असती. ते मुख्यतः सरकारी जंगलात उरलं आणि सगळा भार तिथे आला.

जंगलातही त्याचं धड चाललं नव्हतं. १८९९ मध्ये कुर्गमध्ये चंदनावर एक रोग दिसला. पानं आखूड होत जातात, फांदीवर काट्यांसारखी ताठ उभी राहतात आणि काही वर्षांत झाड वाळतं. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव ‘स्पाइक’. किडींमार्फत पसरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूसारख्या घटकामुळे तो होतो हे खूप पुढे कळलं. तोवर म्हैसूर-कुर्गमधली असंख्य झाडं गेली होती. खात्रीचा इलाज आजही नाही.

याच काळात मागणीचं रूपही बदललं. पूर्वी इथून लाकूड जर्मनीला जायचं आणि तेल तिकडे निघायचं. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, निर्यात थांबली आणि म्हैसूर संस्थानात लाकडाचे ढीग पडून राहिले. नाल्वडी कृष्णराज वोडेयार महाराज आणि दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत संस्थानाने तेल इथेच काढायचं ठरवलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रयोग झाले, १९१६-१७ च्या सुमारास बंगळुरू आणि म्हैसूरला कारखाने उभे राहिले आणि पाठोपाठ म्हैसूर सँडल साबण आला. औद्योगिक इतिहास म्हणून ही गोष्ट अभिमानाची आहे. झाडासाठी तिचा अर्थ एवढाच, की आता भूक घरातच होती आणि बारमाही होती. कनौजच्या अत्तरवाल्यांना पारंपरिक अत्तराचा आधार म्हणून चंदनतेल लागतं. सुगंधी तंबाखू आणि पानमसाल्यालाही ते हवं असतं. त्यापुढे देवळातल्या सहाणेवर उगाळलं जाणारं चंदन म्हणजे चिमूटभर. पंढरपूरला उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावतात, घरोघरी गंध उगाळतात, पण त्याने जंगलं संपली नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्याला देशात वर्षाला सुमारे ४००० टन चंदन निघत असे. शतक संपेपर्यंत हा आकडा काही शे टनांवर आला. दरम्यान कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळ यांच्या सीमेवरच्या जंगलांत चंदनतस्कर वीरप्पनचं राज्य होऊन गेलं. त्याची कहाणी सर्वांना माहीत आहे, इथे लांबवत नाही. १८ ऑक्टोबर २००४ ला तो मारला गेला, तेव्हा त्या जंगलांत नेण्याजोगी मोठी झाडं फारशी उरली नव्हती. १९९८ मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने चंदनाला असुरक्षित जातींच्या यादीत टाकलं होतं.

सरकारांना चूक उमगली ती या टप्प्यावर. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून खाजगी जमिनीवरच्या चंदनाची मालकी जमीनमालकाला दिली. तोड आणि वाहतूक यांवरचं नियंत्रण मात्र ठेवलं. मग लागवड सुरू झाली, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही चंदनबागा लावल्या. पण चंदनाला घाई चालत नाही. २००५ मध्ये लावलेल्या झाडात आज गाभा धरला असला, तरी तो अजून भरलेला नाही. ऑस्ट्रेलियाने उत्तरेकडच्या कनुनुरा भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याच जातीच्या चंदनाची मोठी लागवड केली आणि जगाच्या बाजारात उतरलासुद्धा. आपल्याकडे जंगल रिकामं झालेलं आणि शेत अजून तयार न झालेलं, अशी ही मधली वर्षं आहेत. या वर्षांत तीस-चाळीस वर्षांची भरलेल्या गाभ्याची झाडं उरली कुठे? जिथे कुणी तोडली नाहीत तिथे. विद्यापीठांच्या आवारात, लष्करी हद्दीत, जुन्या बंगल्यांत, सरकारी निवासस्थानांत आणि सार्वजनिक बागांत. चोर शहरात आला तो याच हिशेबाने. जंगलात दिवसभर हिंडून एक झाड सापडण्याऐवजी शहरात ते फरसबंद वाटेच्या कडेला उभं असतं, अनेकदा खोडाला नावाची पाटी लावलेलं.

या पाटीबद्दल जरा स्पष्टच बोलतो. झाडांना नावं लावण्याची हौस मला मनापासून आवडते, मुलांना झाडं कळतात ती त्यातूनच. पण चंदनाला पाटी लावू नये. वृक्षगणनेचे तपशील लोकांना खुले असावेत, पण चंदनाचं नेमकं ठिकाण त्यात देऊ नये. ओळख लपवणं हेच त्याचं सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे.

महाराष्ट्रातला कायदा या चोरीकडे कसा बघतो तेही पाहायला हवं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, मोह, चिंच, हिरडा, खैर यांच्या बरोबरीने चंदन आहे. म्हणजे स्वतःच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. ते हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा आला. त्याने महापालिकांत वृक्ष प्राधिकरणं आणली, पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक केली आणि विनापरवाना तोडलेलं प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. मूळ शिक्षा १००० ते ५००० रुपये दंड आणि आठवड्यापासून वर्षापर्यंत कैद. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. चांगलीच गोष्ट, पण शहरातलं चंदन सहसा पन्नाशी गाठतच नाही, त्याआधीच चोर त्याला गाठतो.

हे कायदे मुळात परवानगीचे आहेत. बिल्डर, रस्ता रुंदीकरण, धोकादायक फांदी, यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले गेले. अर्ज करा, झाडावर नोटीस लावा, हरकती मागवा. चंदनचोर अर्ज करत नाही. त्यामुळे प्रकरण जातं पोलिसांकडे, साध्या चोरीच्या कलमाखाली. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं ३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३. फिर्यादीत किंमत लिहावी लागते आणि तिथे घोटाळा होतो. फिर्याद देणाऱ्याला अंदाज नसतो, तो पाच-दहा हजार असं काहीतरी लिहितो. नव्या संहितेत तर पहिल्यांदा दोषी ठरलेल्या माणसाने पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा माल परत केला, तर त्याला कैदेऐवजी सामाजिक सेवा करायला लावण्याची तरतूद आहे. पोटासाठी किरकोळ चोरी करणाऱ्यासाठी ती योग्यच आहे. चंदनाची किंमत भीतभीत लिहिली, तर टोळीतल्या माणसालाही तिचा आसरा मिळू शकतो.

संरक्षणाचे प्रयत्न झाले आहेत. खोडाभोवती लोखंडी जाळी, काटेरी तार, प्रकाशझोत, कॅमेरे. बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेने एका कंपनीच्या मदतीने खोडाला बसवायची चिप तयार केली, करवत लागली की इशारा देणारी. हे सगळं उपयोगाचं आहे, पण प्रत्येक झाडामागे खर्च आहे आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे माळ्यांचीच वानवा असते.

चोरी झाल्यानंतर काही गोष्टी विनाखर्च करता येतात आणि त्या बहुतेक ठिकाणी होत नाहीत. पोलिसांसोबत वनखात्यालाही त्याच दिवशी कळवायचं आणि पंचनाम्यात बुंध्याचा घेर, गाभ्याच्या वर्तुळाचा व्यास आणि नेलेल्या ओंडक्याची अंदाजे लांबी लिहून घ्यायची, म्हणजे किंमत वनखात्याच्या दराने ठरवता येते. वर राहिलेला शेंडा आणि फांद्या मोजून ताब्यात ठेवायच्या, कचऱ्यात द्यायच्या नाहीत. बुंधा उपटायचा नाही. मुळांत तेल सर्वांत जास्त असतं आणि त्यासाठी चोर पुन्हा येतात, म्हणून वरून माती लोटून जागा झाकायची आणि काही आठवडे गस्त ठेवायची. चंदनाच्या मुळांना नवे फुटवे येतात. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे काढले, ज्याच्या मुळांवर चंदन जगतं ते शेजारचं झाड तोडलं नाही आणि पाटी लावली नाही, तर त्याच जागी झाड पुन्हा उभं राहू शकतं.