वर्गात मुलं किती? पटाच्या आकड्याची पार्श्वभूमी

नववीच्या ६८ मुलांच्या निबंधाच्या वह्या. एका वहीला दोनच मिनिटं दिली तरी २ तास १६ मिनिटं जातात, आणि मोकळी तासिका मिळाली तर ती ३५ मिनिटांची. मग काय होतं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही अनुदानित शाळेतून दहावी झालेल्याला सांगायला नको. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब लाल रेघ, खाली सही आणि तारीख. आमच्या वर्गातल्या एकानं ‘माझी आई’ या निबंधात मधेच क्रिकेटचा धावफलक घुसडला होता. सही पडली.

छोटा वर्ग बरा की मोठाही चालतो, हा वाद अशा गठ्ठ्यातून निघतो असं वाटतं. पण त्याचा इतिहास चाळला तर वेगळंच दिसतं. वर्गात किती मुलं बसवायची हा आकडा बहुतेक ठिकाणी मास्तरांचा पगार कोण देणार यावरून ठरला. तेवढ्या मुलांत नीट शिकता येतं का, हे पुष्कळ उशिरा कोणीतरी तपासलं.

सगळ्यात जुना स्पष्ट आकडा तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात सापडतो. एका शिक्षकाकडे २५ मुलं असावीत, ५० झाली तर दोन शिक्षक नेमावेत, आणि ४० असतील तर एक मदतनीस द्यावा, त्याचा भार गावानं उचलावा. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडितानं हाच नियम थोड्या फरकानं पुन्हा मांडला. गावाच्या खर्चाचं कलम त्यात पहिल्यापासून आहे.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत असा नियम नव्हता, कारण ‘वर्ग’च नव्हता. १८२९ साली मुंबई इलाख्यात १,७०५ देशी शाळा आणि सुमारे ३५ हजार मुलं मोजली गेली, म्हणजे शाळेमागे साधारण वीस. ओसरीवर किंवा देवळात बसलेली ही वीस मुलं एकाच वेळी एकच धडा शिकत नसत. कोणी धुळाक्षरं गिरवतोय, कोणी पावकी-निमकी म्हणतोय, कोणी मोडी वळवतोय. थोरला धाकट्याला सांगायचा, पंतोजी छडी घेऊन सगळ्यांवर नजर ठेवायचे, आणि त्यांचा मोबदला आईबाप शिधा किंवा थोडे पैसे देऊन चुकवायचे.

थोरल्यानं धाकट्याला शिकवायची ही रीत इथून विलायतेला गेली आणि तिचं रूपच पालटलं. अँड्र्यू बेल हे पाद्री १७८९ पासून मद्रासला एग्मोरच्या मुलांच्या अनाथाश्रमाची शाळा पाहत होते. गावठी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं काढताना त्यांनी पाहिली आणि तसंच शिकवा म्हणून आपल्या मास्तरांना सांगितलं. मास्तर तयार होईनात, तेव्हा त्यांनी ते काम आठ वर्षांच्या एका मुलाकडे सोपवलं. ते जमलं. १७९७ मध्ये लंडनला त्यांचा अहवाल छापून निघाला. त्याच सुमारास तिथे जोसेफ लँकेस्टरनं अशीच शाळा काढली, त्यात एका प्रचंड खोलीत शेकडो मुलं, एक मास्तर आणि बाकी सगळे ‘मॉनिटर’. गरिबांच्या पोरांना इतक्या स्वस्तात शिकवता येतं म्हटल्यावर देणगीदार खूश झाले. पंतोजींच्या ओसरीवर थोरल्याची मदत ही वीस मुलांतली सोय होती, लंडनमध्ये ती शेकडो मुलं कोंबायची युक्ती झाली.

१८२० च्या दशकात लँकेस्टरची पद्धत मुंबई इलाख्याच्या नव्या मराठी शाळांत परत आली. पुढे ती मोडली, पण मॉनिटर उरला. आता तो शिकवत नाही, सर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो.

मोठ्या वर्गात मुलं खरंच कमी शिकतात का, याचा नीट हिशेब लागायला विसावं शतक उजाडलं. अडचण साधी होती. छोट्या वर्गांच्या शाळा बहुधा पैसेवाल्यांच्या असतात, तेव्हा तिथली मुलं पुढे असली तर श्रेय वर्गाचं की घराचं? उलट कित्येक शाळांत कच्ची मुलं मुद्दाम छोट्या तुकडीत घालतात, मग छोटा वर्गच वाईट दिसतो.

ही गाठ अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं सोडवली. १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं, ७९ शाळांत, बालवाडीपासून तिसरीपर्यंतची ११ हजारांहून जास्त मुलं. १३ ते १७ मुलांचा वर्ग, २२ ते २५ चा वर्ग, आणि २२ ते २५ चाच पण सोबत मदतनीस, असे तीन प्रकार केले. कोणतं मूल कुठे जाईल आणि कोणत्या बाई कुठल्या वर्गावर, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. छोट्या वर्गातली मुलं वाचन आणि गणितात स्पष्ट पुढे गेली, आणि कृष्णवर्णीय मुलांचा फायदा जास्त दिसला. मोठ्या वर्गाला मदतनीस देऊन मात्र जवळजवळ काहीच साधलं नाही. हा शेवटचा निष्कर्ष सहसा कोणी सांगत नाही, कारण मदतनीस स्वस्त पडतो आणि तोच हवा असतो.

टेनेसीचं ऐकून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं घाई केली. पहिले तीन-चार वर्ग तिशीवरून विसावर आणले की दर मुलामागे अनुदान. वर्ग वाढले, खोल्या पुरेनात, ग्रंथालयांत वर्ग भरले. हजारो शिक्षक एकदम लागले आणि अनुभवी शिक्षक गरीब वस्तीतल्या शाळा सोडून सुखवस्तू उपनगरांत गेले. पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक आधी २ टक्क्यांहून कमी होते, ते काही वर्षांत १२ टक्क्यांवर गेले. वर्ग छोटा झाला आणि समोर नवखा माणूस उभा राहिला. मुलांच्या गुणांत जो फरक दिसला तो छोट्या वर्गाचा म्हणायचा की नाही, हे अभ्यासकांना छातीठोकपणे सांगता आलं नाही.

इस्रायलची गंमत याहून बारीक आहे. तिथे मायमोनिडीसच्या नावानं ४० ची मर्यादा चालते. इयत्तेत ४० मुलं असली तर एक वर्ग, ४१ वं मूल आलं की दोन, एक २० चा आणि दुसरा २१ चा. एका मुलाच्या दाखल्यानं वर्ग अर्धा होतो. याचा फायदा घेऊन जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लाव्ही या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं, की चौथी-पाचवीला छोट्या वर्गाचा फायदा होतो. वीस वर्षांनी त्यांनीच सहकाऱ्यांसह नवी आकडेवारी घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला होता. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतः असा मोडीत काढणारे विरळाच.

मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो मुंबई आणि बडोद्यातला प्रयोग. ‘प्रथम’ संस्थेनं महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुली, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोनेक तास वर्गातून बाहेर काढायची आणि अक्षर, अंक, बेरीज इथून सुरुवात करायची. जागा नसली तर जिना किंवा व्हरांडा. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी याची मोजणी केली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. बाहेर नेलेली मुलं चांगलीच पुढे सरकली. पण त्यांच्या जाण्यानं मूळ वर्गातही पंधरा-वीस डोकी कमी झाली होती. तिथे बाई त्याच आणि पगारही बालसखीच्या कितीतरी पट. त्या उरलेल्या मुलांना काहीही फायदा झाला नाही. बाईंनी धडा होता तसाच पुढे नेला.

केनियात दुफ्लो आणि सहकाऱ्यांना असंच दिसलं. ज्यादा कंत्राटी शिक्षक देऊन ऐंशीच्या आसपासचा वर्ग जवळपास निम्मा केला, तरी जुन्या शिक्षकांकडच्या मुलांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे कमी मुलांमुळे शिक्षकाच्या हाताशी वेळ येतो, पण त्या वेळाचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ६८ च्या ३४ वह्या झाल्या तरी लाल रेघ तीच राहू शकते.

आता आपल्या राज्याकडे. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. हेतू चांगला, पण हे आकडे संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याच्या, तक्त्यात गेले की ६१ वं मूल म्हणजे एक पद. मे महिन्याच्या उन्हात गुरुजी दाखलपात्र मुलांच्या शोधात घरोघर हिंडतात ते त्यासाठी. पट घसरला की कोणीतरी ‘अतिरिक्त’ ठरणार आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणी होऊन, तालुका सोडणार.

जिथे मुलं सापडली नाहीत तिथे ती कागदावर जन्माला आली. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, तीच मुलं दुसऱ्या शाळेत उभी करू नयेत म्हणून बोटाला शाई लावून. पटावर असलेली पण वर्गात नसलेली सुमारे २० लाख नावं निघाली. वर्गात मुलं किती, या प्रश्नाचं उत्तर राज्याला त्याआधी ठाऊकच नव्हतं, मग छोटा बरा की मोठा हे कोण ठरवणार?

त्यानंतर वाद उलटा झाला. २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून पानशेत (जि. पुणे) आणि तोरणमाळ (जि. नंदुरबार) इथल्या शाळांच्या धर्तीवर समूहशाळा करायचा विचार पुढे आला. तेव्हाची मोजणी अशी: १४,७८३ शाळा, सुमारे १ लाख ८५ हजार मुलं, २९,७०७ शिक्षक. एका शिक्षकामागे सहा मुलं. मंत्रालयात बसून पाहिलं तर ही चैन वाटते, आणि विरोध करणारेही टेनेसीचा दाखला देतात.

दोघांचंही कुठेतरी चुकतं. टेनेसीचे पंधरा एका वयाचे, एका इयत्तेचे होते. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत अकरा मुलं असली तर पहिलीत तीन, दुसरीत दोन, तिसरीत एक, चौथीत पाच. एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की उरलेल्या गुरुजींपुढे एका खोलीत चार वर्ग. तिसरीतल्या एकट्या मुलीला शेजारी कोणी नाही, तिला चौथीच्या ओळीत बसवतात. कागदावर प्रमाण १:६ असतं, आणि गुरुजी प्रत्यक्षात पंतोजींच्या ओसरीवर परत गेलेले असतात. फरक इतकाच, की पंतोजींना ठरलेल्या मुदतीत चार इयत्तांचा अभ्यासक्रम संपवायचा नव्हता. आणि ही शाळा हलवली तर मधला ओढा पावसाळ्यात कोण ओलांडणार, हा प्रश्न पटाच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका शिक्षकामागे मुलांचं प्रमाण ३० च्या खाली, आणि वंचित मुलं जास्त असलेल्या भागांत २५ च्या खाली ठेवायचं म्हटलं आहे. पुन्हा २५, तालमुदचाच आकडा. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांचा राग आहे तो कमी पटाच्या शाळांत पदं तुटतात म्हणून.

संचमान्यतेसाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. बीडकडची ऊसतोड कुटुंबं गाव सोडतात ती त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, बरीचशी पोरं बरोबर घेऊन.