भूवापर आणि मुंग्यांची विविधता (सातारा-सांगली परिसर)

एखाद्या जमिनीवर किती जातींच्या मुंग्या राहतात आणि त्या किती संख्येने आढळतात, हे तिथली सावली, पालापाचोळा, ओल आणि नांगरट यांवर अवलंबून असते. जातींची विविधता आणि संख्या या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगामात गुऱ्हाळाभोवती मुंग्यांची रीघ लागलेली असते, पण निरखून पाहिले तर जाती दोन-चारच निघतात. उलट कोयनेच्या रानात पायवाटेवर मुंगी शोधावी लागते, आणि ओंजळभर कुजका पाला चाळला की त्यातून वेगवेगळ्या आकाराच्या बारीक मुंग्या बाहेर पडतात.

जगात मुंग्यांच्या १५,००० हून अधिक, तर भारतात ८०० हून अधिक जाती-उपजातींची नोंद आहे. सातारा जिल्ह्यात अधिवासांचा पालट फार झपाट्याने होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस पडतो. तिथून सुमारे १०० किमी पूर्वेला, माण तालुक्यात, तो जेमतेम ५०० मिमीच्या घरात असतो.

पश्चिमेकडच्या अंजनी-जांभळाच्या सदाहरित रानात पोकळ फांद्या, साली, कुजके ओंडके आणि पाचोळ्याचा थर अशी राहायला अनेक घरे असतात. क्रेमॅटोगॅस्टर गटातल्या मुंग्या झाडावर कागदी लगद्यासारखी गोल घरटी बांधतात. तांबूस सुतार हा पक्षी याच घरट्यांत भोक पाडून अंडी घालतो. असे झाड तुटले की दोघांचाही आसरा जातो. कासच्या सड्यावर (कातळी पठारावर) माती बोटभर, पावसाळ्यात पाणी साचलेले आणि उन्हाळ्यात कातळ तापलेला. तिथे दगडाखालची फट हीच जागा, म्हणून फोटोसाठी दगड उलथून तसाच टाकून देणे हे दिसते तितके निरुपद्रवी नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले माळरान ओसाड वाटते, पण ते बी गोळा करणाऱ्या मुंग्यांचे राज्य आहे. ट्रायकोमायर्मेक्स स्कॅब्रिसेप्स ही जात गवताचे बी बिळात नेते आणि फोलपट बाहेर टाकते. बिळाभोवतीचे हे कडे लांबूनही ओळखू येते. माळाला ‘पडीक’ ठरवून तिथे दाट झाडे लावली तर गवत हटते आणि या मुंग्यांचे खाणेच संपते. झाडे लावली की विविधता वाढतेच, ही समजूत इथे लागू पडत नाही.

कृष्णाकाठचा ऊस ही दुसरी टोकाची स्थिती. तोडणीनंतर पाचट पेटवले की पाचोळ्यात राहणाऱ्या जातींचे छप्पर जाते; सततच्या पाण्याने चोपण (खारवट, घट्ट) झालेल्या रानात जमिनीखालची बिळे टिकत नाहीत. उघड्या, विस्कटलेल्या मातीत मग सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही मूळची अमेरिकेतली, कडकडून चावणारी लाल मुंगी फोफावते. खोल बिळे करणारे डोंगळे (कॅम्पोनोटस कम्प्रेसस) नांगराखालूनही बऱ्यापैकी तग धरतात. बाकीच्यांना आधार असतो तो बांधाचा, बांधावरच्या बाभळी-बोरीचा. दरवर्षी फाळाने थोडा थोडा बांध कोरणाऱ्याची तक्रार शेजारी करतो. वारुळाचीही तेवढीच जागा जाते.

मोजणीसाठी तोंड जमिनीच्या पातळीला येईल असा पेला पुरून त्यात साबणाचे पाणी ठेवतात. पेला वारुळाशेजारी पडला तर एकाच जातीच्या शेकडो मुंग्या मिळतात. त्यामुळे एकूण आकड्यापेक्षा किती पेल्यांत ती जात सापडली, हे अधिक भरवशाचे मानतात. या पद्धतीत झाडावरच्या आणि मातीखालच्या जाती हुकतात. त्यासाठी फांद्या झटकणे आणि पाला चाळणे हवेच.

तासगावच्या द्राक्षबागेत मुंग्यांची संख्या वाढणे ही आनंदाची बातमी नसते. पिठ्या ढेकणाच्या (मिलीबग) गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून कीड आटोक्यात आणण्यासाठी क्रिप्टोलीमस या ढालकिड्याचे भुंगेरे सोडायचे असतील, तर आधी खोडावर चिकट पट्टा लावून मुंग्यांची चढती वाट बंद करावी लागते. वेलीची फांदी तारेला किंवा गवताला टेकली असेल, तर मुंग्या तिथून वर जातात.