न्गुयेन विरुद्ध न्गुयेन: ताय सोनचे तीन भाऊ आणि ह्वेचं राजघराणं

व्हिएतनामच्या इतिहासाचं कोणतंही पुस्तक घ्या, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचलात की पानावर न्गुयेनांची गर्दी सुरू होते. न्गुयेन ह्वेने न्गुयेन आन्हचा पराभव केला, न्गुयेन आन्ह सयामला पळाला, न्गुयेन न्याकने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं आणि १८०२मध्ये राज्यावर आलं ते न्गुयेन घराणं. वाचणाऱ्याला वाटतं, चुलत्या-पुतण्यांची भाऊबंदकी चालली आहे. प्रत्यक्षात ही दोन वेगळी घरं होती: एकीकडे ताय सोन गावचे न्याक आणि ह्वे हे बंडखोर भाऊ, दुसरीकडे आन्हचं राजघराणं. त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नव्हता.

आडनावाचा भरवसा इथे धरूच नये. आजही व्हिएतनाममध्ये साधारण ३० ते ४० टक्के लोक न्गुयेन आहेत. त्यातले बरेच जन्माने नव्हे, तर सोयीने किंवा सक्तीने न्गुयेन झाले. १२२५मध्ये ली घराण्याचं राज्य त्रान घराण्याकडे गेलं आणि १२३२मध्ये त्रानांनी उरल्यासुरल्या ली कुळाला न्गुयेन हे आडनाव लावायला भाग पाडलं. ताय सोनच्या भावांचंही तसंच. त्यांचं मूळ आडनाव हो. पूर्वज उत्तरेकडच्या न्गे आन भागातले. सतराव्या शतकातल्या लढायांत कैद होऊन दक्षिणेत आणून वसवलेले. आणून वसवलं कोणी, तर दक्षिणेच्या न्गुयेन सरदारांनी. म्हणजे ज्यांनी पूर्वजांना पकडून आणलं, त्यांचंच आडनाव लावून वंशजांनी त्यांचं राज्य बुडवलं.

आता हे सरदार कोण? १५२७मध्ये माक दांग झुंग नावाच्या सेनापतीने ले घराण्याची गादी बळकावली. ती परत मिळवून द्यायला जे पुढे आले, त्यांच्यात न्गुयेन किम प्रमुख होता. १५४५मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला आणि सगळी सूत्रं मुलांऐवजी जावयाकडे, त्रिन्ह किएमकडे गेली. थोरला मेव्हणा लवकरच मेला; जावयानेच मारवला असं सगळे समजून होते. धाकट्या न्गुयेन होआंगला पुढचा नंबर आपला हे कळत होतं. त्याने बहिणीमार्फत शब्द टाकला आणि १५५८मध्ये दक्षिणेकडच्या दूरच्या थुआन होआ प्रांताची सुभेदारी मागून घेतली. त्रिन्हाला वाटलं, ब्याद गेली. होआंगने मात्र तिकडेच मूळ धरलं.

पुढचं चित्र मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. थांग लाँगला, म्हणजे आजच्या हनोईत, ले सम्राट गादीवर आणि कारभार सगळा त्रिन्हांच्या हातात: साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे, फक्त इथे दोघे एकाच शहरात. दक्षिणेचे न्गुयेनही कागदोपत्री ले सम्राटाचेच चाकर. १६२७ ते १६७२ या काळात त्रिन्ह आणि न्गुयेन सात वेळा भिडले, निकाल लागला नाही, आणि जियान्ह नदी ही सीमा ठरून गेली. मग न्गुयेनांनी उत्तरेचा नाद सोडून दक्षिणेकडे पाय पसरले. उरलंसुरलं चंपाचं राज्य गिळलं आणि १६९८मध्ये सायगॉनच्या परिसरात आपला अंमल बसवला. १७४४मध्ये न्गुयेन फुक खोआतने उघडपणे राजा ही पदवी घेतली. राजधानी फू स्वान, म्हणजे आजचं ह्वे शहर. (देवनागरीत हे शहर आणि न्गुयेन ह्वे हा माणूस सारखेच दिसतात. व्हिएतनामीत त्यांचे सूर वेगळे, शब्द वेगळे. इथून पुढे घोळ नको म्हणून माणसाला त्याच्या राजनामाने, क्वांग त्रुंग, म्हणू.)

१७६५मध्ये खोआत मेला आणि त्रुआंग फुक लोआन नावाच्या कारभाऱ्याने वारस डावलून एका पोराला गादीवर बसवलं. करांचा बोजा वाढला, जस्ताची नाणी कवडीमोल झाली. १७७१मध्ये क्वी न्योनच्या पश्चिमेकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ताय सोन गावातून तीन भाऊ उठले: न्याक, ह्वे (पुढचा क्वांग त्रुंग) आणि लू. थोरला न्याक विड्याच्या पानांचा व्यापारी आणि सरकारी करवसुली करणारा. त्यामुळे डोंगरातल्या बाहनार लोकांपासून किनाऱ्यावरच्या चिनी व्यापाऱ्यांपर्यंत त्याची उठबस. गंमत अशी की बंडाची पहिली घोषणा न्गुयेन घराण्याच्या विरोधात नव्हतीच. लोआनला हटवा आणि खरा वारस फुक झुआंगला गादीवर बसवा, अशी ती होती! न्गुयेन आडनावाचे बंडखोर न्गुयेन राजपुत्राच्या नावाने न्गुयेन राजाशी लढत होते. वाचकाचा गोंधळ होतो यात वाचकाचा दोष नाही.

मुखवटा फार काळ टिकला नाही. त्रिन्हांनी संधी साधून फू स्वान घेतलं, न्याकने तात्पुरती त्रिन्हांशी दिलजमाई केली आणि १७७७मध्ये ताय सोनांनी दक्षिणेत न्गुयेन घराणं जवळजवळ कापून काढलं. त्यात तो वारस झुआंगही गेला. निसटला तो पंधरा वर्षांचा न्गुयेन आन्ह.

इथून गोष्ट दोन माणसांची होते, आणि दोघांची लढण्याची तऱ्हा इतकी वेगळी की ती लक्षात ठेवली तर नावांचा घोटाळा होणारच नाही.

क्वांग त्रुंग विजेसारखा. जानेवारी १७८५मध्ये आन्हच्या मदतीला आलेलं सयामी आरमार त्याने मेकाँगच्या एका फाट्यात, राख गाम आणि सोआई मुतच्या दरम्यान, गाठून बुडवलं. १७८६मध्ये ‘ले राखा, त्रिन्ह मारा’ म्हणत थांग लाँगवर गेला, दोन शतकांची त्रिन्ह सत्ता मोडली आणि म्हाताऱ्या ले सम्राटाची मुलगी न्गोक हान हिच्याशी लग्न करून परतला. पुढचा ले सम्राट घाबरून चीनकडे गेला आणि छियानलोंग बादशहाची फौज १७८८च्या अखेरीस थांग लाँगमध्ये येऊन बसली. तेव्हा याने ह्वेमध्ये स्वतःला सम्राट घोषित केलं आणि लगेच उत्तरेकडे कूच केलं. परंपरा सांगते की ताम दिएपच्या खिंडीत त्याने सैन्याला तेतचा, म्हणजे नववर्षाचा, सण आधीच साजरा करायला लावला आणि सातव्या दिवशी राजधानीत जेवू असा शब्द दिला. चिनी फौज सणाच्या मूडमध्ये. न्गोक होईच्या गढीवर तोफा आणि बाण झेलायला त्याच्या माणसांनी लाकडी फळ्यांवर ओला पेंढा गुंडाळला, त्या ढाली पुढे धरल्या आणि मागून सुरे घेऊन चालत गेले. ३० जानेवारी १७८९, तेतचा पाचवा दिवस: थांग लाँग मोकळं झालं. चिनी सेनापती नदीपार पळाला, मागे गर्दीने पूल तुटला.

मला त्याची यापुढची चाल लढाईपेक्षा मोठी वाटते. जिंकल्याबरोबर त्याने बादशहाला नम्रपणाची पत्रं धाडली. वर्ष संपायच्या आत छियानलोंगने त्यालाच राजा म्हणून मान्यता दिली आणि १७९०मध्ये बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ‘क्वांग त्रुंग’ जातीने हजर झाला. तो खरा नव्हता, तोतया होता, असं बहुतेक सगळे मानतात. दरबारी कामकाजात चिनीऐवजी व्हिएतनामीची नोम लिपी आणायलाही त्याने सुरुवात केली. पण १७९२मध्ये, चाळिशीच्या आसपास, तो अचानक गेला. गादीवर दहा वर्षांचा मुलगा.

आन्हची तऱ्हा चिवट. बेटांवर लपला, बँकॉकला राहिला, पिन्यो द बेएन या फ्रेंच मिशनरी बिशपाच्या हाती आपला लहान मुलगा कान्ह सोपवला. हे दोघे आधी आपल्या पाँडिचेरीला आले, तिथून फ्रान्सला गेले. २८ नोव्हेंबर १७८७ला व्हर्सायमध्ये तह झाला: चार युद्धनौका आणि १६५० माणसं, बदल्यात दा नांग बंदर आणि कोन दाओ बेट. अंमलबजावणी पाँडिचेरीचा गव्हर्नर कॉनवेकडे होती आणि त्याने ती केलीच नाही. शेवटी बिशपाने व्यापाऱ्यांकडून पैसा उभा करून जहाजं, दारूगोळा आणि काही हौशी अधिकारी जमवले. ‘फ्रान्सने जिया लाँगला (हे आन्हचं पुढचं राजनाम) गादी मिळवून दिली’ असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. फ्रान्सच्या राजाने दिलं ते कागदावर. आन्हने खरी ताकद उभी केली ती दक्षिणेच्या भातशेतीवर. १७८८मध्ये त्याने सायगॉन परत घेतलं, ते दक्षिण भाग तीन भावांतल्या सर्वांत कमकुवत लूच्या वाट्याला आला होता म्हणून.

पुढची चौदा वर्षं तो वाऱ्याच्या हिशेबाने लढला. नैऋत्य मोसमी वारा सुटला की आरमार उत्तरेला क्वी न्योनकडे, वारा फिरला की परत घरी, भातकापणीला. लोकांनी या स्वाऱ्यांना ‘हंगामी लढाई’ असंच नाव ठेवलं होतं. कोकणातल्या माणसाला यातला शहाणपणा वेगळा समजवायला नको. तिकडे ताय सोनांचं घर आतून पोखरत होतं. क्वांग त्रुंग हयात असतानाच त्याने थोरल्या भावाच्या क्वी न्योनला वेढा घातला होता. १७९३मध्ये न्याकने आन्हविरुद्ध पुतण्याकडे मदत मागितली तर पुतण्याच्या फौजेने येऊन त्याचाच खजिना ताब्यात घेतला. त्या धक्क्यानेच न्याक मेला. १८०१मध्ये थी नाईच्या खाडीत ताय सोन आरमार जळालं, फू स्वान पडलं, आणि १८०२मध्ये आन्ह जिया लाँग या नावाने सम्राट झाला.

सूड दोन्हीकडून भयंकर होता. न्गुयेन दरबाराच्या बखरी म्हणतात की ताय सोनांनी आधी त्यांच्या पूर्वजांच्या कबरी उकरल्या होत्या. जिया लाँगने न्याक आणि क्वांग त्रुंगच्या अस्थी उकरून दळून उधळल्या, कवट्या तुरुंगात डांबून ठेवल्या. बुई थी स्वान या ताय सोनांच्या स्त्री सेनापतीला ठार मारलं. क्वांग त्रुंगची कबर नक्की कुठे होती यावर अजून वाद चालतात. ह्वेच्या किल्ल्यापाशी नऊ प्रचंड पंचरसी तोफा आहेत, प्रत्येकी पाच मीटरहून लांब आणि दहा टनांहून जड. ताय सोनांकडून हस्तगत केलेली तांब्या-पितळेची भांडी आणि हत्यारं वितळवून जिया लाँगने त्या ओतवल्या. चार तोफांना ऋतूंची नावं, पाचांना पंचतत्त्वांची. वर त्यांना सेनापतीचा हुद्दाही दिला. लढाईत त्यांतली एकही कधी उडाली नाही.

दोन्ही घरांत रक्त नसलं तरी एक सोयरीक मात्र जुळली, आणि तिथेही लोक घोळ करतात. क्वांग त्रुंगची राणी न्गोक हान. तिची धाकटी बहीण न्गोक बिन्ह ही क्वांग त्रुंगच्या मुलाला दिलेली. ताय सोन बुडाल्यावर जिया लाँगने या न्गोक बिन्हला आपल्या अंतःपुरात घेतलं. राजाची लेक आणि दोन्ही नवरे राजे, अशा अर्थाची एक लोककविता आहे. ती धाकटीबद्दल आहे. पण लोक ती थोरलीच्या गळ्यात बांधतात.

पुस्तकात कोणता न्गुयेन समोर आहे हे ओळखायचं असेल तर आडनावाच्या पुढचा शब्द बघा. ‘न्गुयेन फुक’ असेल तर तो ह्वेच्या राजकुळातला. राजनाम थाई दुक (न्याक), क्वांग त्रुंग किंवा कान्ह थिन्ह (क्वांग त्रुंगचा मुलगा) असेल तर ताय सोन. जिया लाँग, मिन्ह मांग आणि त्यानंतरचे सगळे, म्हणजे १८०२ ते १९४५चे एकूण तेरा, न्गुयेन घराण्याचे. ‘न्गुयेन घराणं’ म्हटलं की ताय सोन त्यात कधीच धरत नाहीत. राजधानीवरून ओळखायला जाऊ नका, क्वांग त्रुंग आणि जिया लाँग दोघांचीही फू स्वानच होती. ‘व्हिएतनाम’ हे नाव मात्र जिया लाँगच्या काळातलं: त्याने चीनकडे ‘नाम व्हिएत’ मागितलं, चीनने ते उलटवून १८०४मध्ये ‘व्हिएत नाम’ दिलं.

न्गुयेन राजवटीत ताय सोनांना तोतये, बंडखोर म्हणत. पुढे कम्युनिस्ट इतिहासकारांनी पारडं फिरवलं: क्वांग त्रुंग राष्ट्रवीर झाला आणि जिया लाँग घरच्या कोंबड्या खायला साप आणणारा. हे मला अर्धवट वाटतं. परके बोलावले म्हणून आन्हला नावं ठेवायची तर ले सम्राटानेही तेच केलं, आणि क्वांग त्रुंगने स्वतः चिनी चाच्यांना आरमारात घेतलं होतं. १७८२मध्ये सायगॉन भागात ताय सोनांनी हजारो चिनी रहिवाशांची कत्तल केली, ती वीरगाथेत येत नाही. सायगॉनच्या रस्त्यांवर हा निकाल वाचता येतो. जिया लाँगच्या नावाचा रस्ता होता, १९७५नंतर ते नाव गेलं. न्गुयेन ह्वेच्या नावाचा रुंद रस्ता शहराच्या मधोमध आहे आणि तरुण पोरं संध्याकाळी तिथे फिरायला येतात. अलीकडे जिया लाँगकडेही जरा समतोलपणे बघणारे इतिहासकार पुढे येत आहेत.

न्गुयेन घराण्याचा शेवटचा सम्राट बाओ दाई ३० ऑगस्ट १९४५ला ह्वेच्या न्गो मोन दरवाज्यावर उभा राहिला आणि त्याने राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या हवाली केली. त्या सरकारचा प्रमुख हो ची मिन्ह. त्याचं जन्मनाव न्गुयेन सिन्ह कुंग, आणि त्याचं वरच्या दोन्ही घरांशी काही नातं नाही.