रिपोर्ट नॉर्मल, तरी तळपायांची आग का?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तळपायांची आग ‘उन्हाळ्याची’ ठरते. मेंदी लावा, गुलकंद खा. पण डिसेंबरच्या कडाक्यात पांघरुणाचा स्पर्शही टोचत असेल तर? मग नसांतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी एनसीव्ही तपासणी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, “काही नाही, मनाचे खेळ.”

हा गैरसमज जुना आणि चिवट आहे. एनसीव्ही फक्त नसांतले जाड तंतू मोजते. वेदना आणि गरम-थंड जाणवून देणारे बारीक तंतू तिच्या आवाक्यातच नाहीत. त्यासाठी घोट्याच्या वर साधारण १० सेंटिमीटरवरून ३ मिलिमीटर त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात.

हे बारीक तंतू बिघडण्याच्या कारणांत मधुमेह पहिला. शिवाय दारू, काही औषधे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणे. बऱ्याच रुग्णांत मात्र काहीच सापडत नाही. अशा वेळी मणक्याकडे बघण्यात अर्थ आहे, कारण या तंतूंच्या मूळ पेशी मणक्यालगतच्या गाठींमध्ये असतात. माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीत, नसांच्या मुळांवर पाण्याच्या पिशव्या होतात. त्यांना टार्लोव्ह सिस्ट म्हणतात. त्यांच्या दाबाने बारीक तंतू बिघडत असावेत, अशी शंका काही डॉक्टरांना आहे. सिद्ध झालेले नाही. उलट एमआरआयमध्ये अशा पिशव्या सहज सापडतात आणि बहुतेकांना काही त्रास नसतो. त्यामुळे पिशवी दिसली की लगेच ऑपरेशन, हेही चूकच.

जळजळीसोबत लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठा.