एटीएम बोलतं, मग ऐकत का नाही?

एटीएमच्या कीपॅडवर 5 या आकड्यावरून बोट फिरवून पाहा. मधोमध एक बारीक टिंब हाताला लागतं. दृष्टिहीन माणसाचं बोट आधी तिथे टेकतं. मग वर 2, खाली 8, डावीकडे 4, असं सगळं कीपॅड न बघता जुळून येतं. जवळच इयरफोनचं भोक असतं. इयरफोन लावला की यंत्र कानात बोलू लागतं. स्पीकरवर नाही, कारण शिल्लक किती हे रांगेतल्या चौघांना कळायला नको. पिन दाबताना तर ते आकडा उच्चारतही नाही, नुसता 'टिक' आवाज देतं. बऱ्याच यंत्रांवर पडदा काळा करायचीही सोय असते.

हे सहजासहजी मिळालेलं नाही. कॅनडातल्या दोन दृष्टिहीन ग्राहकांनी 1984 पासून बँकेकडे पाठपुरावा केला आणि शेवटी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. ओटावात पहिलं बोलकं एटीएम लागायला 1997 उजाडलं. भारतात युनियन बँकेने 2012 मध्ये अहमदाबादला सुरुवात केली. 1 जुलै 2014 पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलकं आणि ब्रेल कीपॅडचं असावं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. पण आमच्या कोपऱ्यावरच्या यंत्राचं ते भोक धुळीने बुजलंय, आणि वायरचा इयरफोन आता असतो कोणाकडे?

बोलणं तसं सोपं. वाक्यं ठरलेली, फक्त रक्कम बदलते. ऐकणं अवघड. यंत्र आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढाल्या अंतराने तुकडे पाडतं आणि कोणत्या तुकड्यांवरून कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधतं. एसीची घरघर आणि दारातून येणारे हॉर्न त्या अंदाजात मिसळतात. शिवाय पिन मोठ्याने सांगणं म्हणजे किल्ली दारालाच लटकवून जाणं. म्हणून पिनपुरतं तरी यंत्र बहिरं राहिलेलंच बरं, असं मला वाटतं.

फोनवर हे जास्त जमतं, कारण माइक तोंडाशी असतो. 2023 मध्ये आलेल्या 'हॅलो यूपीआय'मध्ये पैसे पाठवायला बोलून सांगता येतं. सुरुवात हिंदी आणि इंग्रजीने झाली. मराठीची गंमत वेगळीच. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' सुरुवातीला अगदी सारखे. शेवट गोंगाटात बुडाला तर दहाचा फरक. 'दीडशे', 'अडीच हजार', 'सव्वातीनशे' यांत तर शब्द ओळखून भागत नाही, गणितही करावं लागतं: 'अडीच' म्हणजे दोन आणि अर्धा, पण 'सव्वातीन' म्हणजे तीन आणि पाव. 'पावणे'मध्ये उलट वजा करायचं. आणि 'पावणेतीनशे द्या' म्हटल्यावर यंत्राने बरोब्बर 275 ओळखले, तरी एटीएममधून ते निघायचे नाहीत. तिथे मागणी शंभराच्या पटीतच करावी लागते.