हाउसिंग स्टुडिओ (वास्तुकला शिक्षण)

हाउसिंग स्टुडिओ हा वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातला सामूहिक गृहरचनेचा प्रकल्प. बहुतेक महाविद्यालयांत तो तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी येतो. शहरातली एक खरी जागा निवडली जाते, तिथे किती आणि कोणती कुटुंबे राहतील हे ठरते आणि सत्रभरात विद्यार्थी त्यांच्या वस्तीचा आराखडा, छेद (इमारत उभी कापल्यासारखे दाखवणारे रेखाटन) आणि मॉडेल तयार करतो. त्याआधीच्या वर्षांत बंगला, बालवाडी, छोटे संग्रहालय अशा सुट्या इमारती झालेल्या असतात. त्यात इमारतीचा घाट मनासारखा बेतता येतो. इथे मात्र घाट, घनता आणि राहण्याची रीत या तिन्हींचा मेळ एकाच कागदावर घालावा लागतो. म्हणूनच पाच वर्षांतला हा सर्वांत कसोटीचा प्रकल्प मानावा लागेल.

कामाची पद्धत जुनी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा शिक्षक टेबलापाशी येऊन रेखाटनांवर चर्चा करतात, अधूनमधून भिंतीवर शीट लावून सगळ्यांसमोर मांडणी होते आणि शेवटी बाहेरच्या वास्तुविशारदांसमोर जुरी, म्हणजे जाहीर परीक्षण, होते. या पद्धतीचे मूळ पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत आहे. ब्रिटिश काळात ती मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आली. तिथल्या वास्तुकला विभागाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले क्लॉड बॅटली यांनी तिला एक महत्त्वाची जोड दिली. विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंकडे नेऊन त्यांची मोजमापे घ्यायला आणि ती काढायला लावले. आज ‘मेझर्ड ड्रॉइंग’ या नावाने चालणारा अभ्यास त्याच वळणाचा आहे. चांगल्या हाउसिंग स्टुडिओची सुरुवातही रिकाम्या कागदाऐवजी टेप घेऊन एखाद्या नांदत्या वस्तीत होते.

घनतेचे गणित

घनता दोन प्रकारे मोजतात: दर हेक्टरी किती माणसे किंवा घरे, आणि भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम. या दुसऱ्या मापाला चटई क्षेत्र निर्देशांक किंवा रोजच्या बोलण्यात एफएसआय म्हणतात. विद्यार्थी आणि नागरिक दोघेही एफएसआय वाढला म्हणजे इमारत उंच झालीच पाहिजे असे धरून चालतात. ते खरे नाही. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर जमिनीवर एफएसआय २ असेल, तर २०,००० चौ. मी. बांधता येते. जिन्या-गॅलरीच्या वाट्यासह एका घराला ५० चौ. मी. धरले, तर ४०० घरे होतात आणि घरटी चार माणसे धरली तर १,६०० लोक. हीच ४०० घरे निम्मी जमीन व्यापून ४ मजल्यांत बसतात, पाचवा हिस्सा व्यापून १० मजल्यांत आणि दहावा हिस्सा व्यापून २० मजल्यांत. आकडा एकच, पण चार मजल्यांवरून आई अंगणातल्या मुलाला हाक मारू शकते आणि विसाव्या मजल्यावरून नाही.

केंब्रिज विद्यापीठात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या अभ्यासकांनी १९६०च्या दशकात हेच भूमितीने दाखवून दिले. मोकळ्या जमिनीत सुटे मनोरे उभे करण्याऐवजी भूखंडाच्या कडेने इमारत फिरवून मध्ये चौक ठेवला, तर तेवढेच क्षेत्रफळ कितीतरी कमी उंचीत मावते. ज्यांनी पुण्याचा वाडा आतून पाहिला आहे त्यांना हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

अर्थात कमी उंचीची रचना आपोआप चांगली ठरत नाही. इमारती किती जवळ आणाव्यात हे सूर्य ठरवतो. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. ३० मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेला २७ मीटरच्या आसपास पडते. ही सावली छेदात काढली नाही, तर मधला चौक हिवाळाभर ओला आणि अंधारा राहील हे कागदावर दिसतच नाही. हे नुसते सौंदर्याचे प्रश्न नाहीत. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर आहे. तिथल्या रहिवाशांचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक दिसले. प्रत्येक हाउसिंग स्टुडिओच्या पहिल्याच आठवड्यात या वसाहतींची फेरी व्हायला हवी.

राहण्याची रीत

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना अभ्यासासाठी लागणारी उदाहरणे दारातच आहेत. त्यांत चाळ सर्वांत बोलकी. मुंबई विकास खात्याने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या एकूण २०७ इमारती होत्या: वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. केवळ आकड्यांकडे पाहिले तर ही दाटी असह्य वाटते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तिथे संसार झाले, कारण घर खोलीच्या उंबऱ्यावर संपत नव्हते. अभ्यास, पापड वाळवणे, पाहुण्यांची पंगत, रात्रीची झोप, सगळे काही सामाईक जागेत पसरत होते. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोही इमारतींमध्ये सगळ्यांना पुरेल अशी जागा होती म्हणून.

विद्यार्थ्याने टिपायची गोष्ट ही आहे. गॅलरीची रुंदी किती, कठड्याची उंची किती, खिडकी गॅलरीकडे उघडते तेव्हा पडदा कुठवर असतो, नळावर रांग कुठे उभी राहते, चपला कुठे काढतात. अशा नोंदींतून जी संस्कृती हाती लागते, ती लाकडी महिरपीत किंवा उतरत्या कौलांत सापडत नाही. वाड्याचेही तसेच. चौक, ओसरी, पडवी, माजघर, देवघर या क्रमात परका माणूस कुठवर येऊ शकतो याची पायरी-पायरीने आखणी असते. आजचे कुटुंब त्यातले किती मानते, हे विचारल्याशिवाय तो क्रम उचलणे म्हणजे नुसती नक्कल.

इथे एक सावधगिरी हवी. चाळीच्या आठवणी गोड असतात आणि जुरीत त्या हमखास ऐकू येतात. पण अनेक चाळी जातीच्या, गावाच्या किंवा धर्माच्या नावाने वसल्या होत्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच्या गॅलरीत सुनेला मोकळा श्वास घेता येत नव्हता. मजल्याच्या टोकाला असलेले सामाईक संडास म्हाताऱ्यांना आणि मुलींना रोजचा जाच होता. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात मिळणाऱ्या ५०० चौरस फुटांच्या घराकडे रहिवासी आशेने पाहतात ते यामुळेच. सामाईक जागा ठेवायची आणि खासगी दारही द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. ज्या विद्यार्थ्याला तो छेदात सोडवता येतो त्याचा प्रकल्प सरस ठरतो.

दोन वस्त्या

अभ्यासदौऱ्यांत दोन नावे हटकून येतात. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला आखलेली वसाहत आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते. सात घरांचा एक गट सुमारे ८ मीटर बाजूच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून २१ घरांचे मोठे अंगण, आणि पुढे तशीच वाढत जाणारी रचना. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला आपले घर स्वतंत्रपणे वाढवता येते. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौ. मी.चे, श्रीमंत आणि गरीब यांच्या जागांत फार तफावत पडू दिलेली नाही. मोकळ्या जागा धरूनही हेक्टरी सुमारे ५०० माणसांची घनता बैठ्या आणि एकमजली घरांत साधली आहे. आज तिथे गेले तर मूळ घरांपैकी बरीच पाडून दोन-तीन मजली काँक्रीटची घरे झालेली दिसतात. काही शिक्षक याला अपयश म्हणतात. घरे बदलली तरी अंगणे टिकली, हे पाहता तसे म्हणणे घाईचे वाटते. वाढीची मुभा मूळ आराखड्यातच होती, आणि विद्यार्थ्यांनी पूर्वीच्या नकाशावर आजचे बांधकाम रेखून पाहिले की कोणती जागा लोकांनी जपली आणि कोणती गिळली हे नेमके कळते.

दुसरी वस्ती इंदूरची अरण्य. तिचे कर्ते बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकले आणि १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा उभारली. अरण्यमध्ये गरीब कुटुंबांना पूर्ण घराऐवजी जोते, पाणी-सांडपाण्याची सोय आणि एखादी खोली देऊन बाकीचे त्यांच्यावर सोपवले. त्याआधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांत लोक ओटा, जिना आणि दारापुढची जागा कशी वापरतात याची बारकाईने नोंद झाली होती. या वस्तीला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

उणिवा

हाउसिंग स्टुडिओची सर्वांत मोठी उणीव म्हणजे ज्यांच्यासाठी घरे आखली ते लोक जुरीला नसतात. खर्चाचा हिशेबही बहुधा शेवटच्या शीटवर कोपऱ्यात उरकला जातो. संगणकावर एकाच नमुन्याच्या शेकडो सदनिका क्षणात रचता येतात. मग दक्षिणेचे घर आणि उत्तरेचे घर, तळमजला आणि आठवा मजला हे सारखेच निघतात. ‘सांस्कृतिक संदर्भ’ हा शब्द शीटवर असतो आणि खाली जाळीची भिंत व तुळशीवृंदावन काढलेले असते. तिथे कोणती कुटुंबे राहणार, ती काय कमावतात, घरात शिवणयंत्र किंवा डब्यांचा व्यवसाय चालतो का, याचा पत्ता नसतो. मुंबईत घर हे अनेकांचे कामाचे ठिकाणही आहे आणि ते विसरून केलेला आराखडा राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मोडतो.

या उणिवांबरोबर एक जमेची बाजूही आहे. वस्तीच्या मोजमापांना राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या स्पर्धांमुळेही प्रतिष्ठा मिळाली. नॅशनल असोसिएशन ऑफ स्टुडंट्स ऑफ आर्किटेक्चर ही संघटना देशभरातल्या महाविद्यालयांच्या स्पर्धा घेते. त्यांतली अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी वास्तूंच्या आणि वस्त्यांच्या दस्तऐवजीकरणासाठी असते. तिच्यासाठी आख्खी तुकडी रात्रंदिवस राबते. पुण्याच्या पेठांतले वाडे आणि मुंबईच्या चाळी पाडल्या जात असताना त्यांच्या जिन्यांची, तुळयांची आणि गॅलऱ्यांची तपशीलवार मापे अनेकदा या विद्यार्थ्यांच्या शीटवरच नोंदलेली आढळतात.