ईक्यूयू की डेटा? ८०५२च्या रजिस्टरांना नावं देताना

८०५२ या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम असेंब्लीत लिहिताना रजिस्टरांना नावं द्यावी लागतात. त्यासाठी ईक्यूयू (EQU) सगळ्यांना येतं: डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. डेटा (DATA) आणि बिट (BIT) ही डिरेक्टिव्हही, म्हणजे असेंबलरला (असेंब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) दिलेल्या सूचनाही, वरवर तेच करतात. तिघांतून एक बाइटही कोड निघत नाही. म्हणून ‘काहीही लिहा, चालतं’ असा सल्ला सर्रास दिला जातो. चालतं, पण पहिली चूक होईपर्यंतच.

खरा फरक प्रकाराचा आहे. ईक्यूयूने आकड्याला दिलेलं नाव म्हणजे नुसता आकडा. डेटा म्हणजे बाइटचा पत्ता, बिट म्हणजे बिटचा पत्ता, आणि असेंबलर ते लक्षात ठेवतो. ८०५१ घराण्यात याला फार महत्त्व आहे, कारण इथे बाइट आणि बिट दोघांचे पत्ते त्याच आकड्यांत असतात. ८०५२मध्ये सीए हेक्स हा बाइटचा पत्ता धरला तर तो आरकॅप२एल, म्हणजे टायमर २च्या रीलोडचा (टायमर भरून वाहिला की त्यात पुन्हा भरल्या जाणाऱ्या आकड्याचा) खालचा बाइट; वरचा बाइट आरकॅप२एच. तोच आकडा बिटचा पत्ता धरला तर टीआर२, म्हणजे टायमर २ चालू करणारा बिट. दोघांतलं कोण, हे फक्त इन्स्ट्रक्शनवरून ठरतं.

दोन्ही नावं ईक्यूयूने दिली आहेत असं धरा. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ९६०० बॉडसाठी (सिरियल पोर्टच्या वेगासाठी) आरकॅप२एचमध्ये एफएफ आणि आरकॅप२एलमध्ये डीसी भरलं. मग टायमर सुरू करायला सेटबीऐवजी (बिट १ करणाऱ्या इन्स्ट्रक्शनऐवजी) चुकून मूव्ह, म्हणजे बाइट भरणारी इन्स्ट्रक्शन, लिहिली:

मूव्ह टीआर२, #१

असेंबलर गप्प. टायमर सुरू होत नाही, आणि आरकॅप२एलमधलं डीसी पुसून तिथे ०१ बसतं. पुढे टीआर२ नीट सेट केला तरी बॉड १३५५च्या आसपास, टर्मिनलवर कचरा, आणि दोष क्रिस्टलला! नावं अशी दिली असती (टी२कॉन हे टायमर २चं नियंत्रण रजिस्टर) तर हीच ओळ असेंबल करतानाच अडली असती:

टी२कॉन डेटा ०सी८एच
आरकॅप२एल डेटा ०सीएएच
टीआर२ बिट टी२कॉन.२

बिटचा पत्ता आकड्यात लिहू नका, असाच टिंब देऊन लिहा. बिटने गाठता येणाऱ्या रजिस्टरचा पत्ता ० किंवा ८ने संपतो. पीकॉन हे रजिस्टर ८७ हेक्सवर आहे, म्हणून पीकॉन.७ला असेंबलर तिथेच नकार देतो. त्यातल्या एसमॉडसाठी (बॉड दुप्पट करणाऱ्या सातव्या बिटसाठी) ओआरएल पीकॉन, #८०एच असं पूर्ण बाइटवरच काम करावं लागतं.

किरकोळ गोष्टी: अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याआधी शून्य हवंच, नाहीतर तो नाव समजला जातो. मूळ ८०५१ची नावं असेंबलरला बहुधा आधीच ठाऊक असतात. इन्क्लूड फाइलमध्ये तीच पुन्हा आली तर वर नोमॉड५१ (असेंबलरची आधीची नावं बंद करणारी सूचना) द्या.

ईक्यूयू ठेवा ते स्थिरांकांसाठी: रीलोडची किंमत, बफरची लांबी. मात्र तिथे # (‘पुढे पत्ता नाही, आकडाच आहे’ ही खूण) विसरलात तर कुणी टोकणार नाही. रीलोड हे डीसीचं नाव असताना मूव्ह आरकॅप२एल, रीलोड असं लिहिलं तर डीसी हा आकडा जात नाही, डीसी या पत्त्यावर जे असेल ते जातं, आणि ८०५२मध्ये त्या पत्त्यावर रजिस्टरच नाही.

काही छोटे असेंबलर डेटा आणि बिट स्वीकारतात, पण प्रकार तपासत नाहीत. तुमचा कसा आहे ते पाहायला वरच्या तीन ओळींखाली सेटबी आरकॅप२एल लिहून असेंबल करा. एरर आली नाही, तर असेंबलर बदला.